आइलिफची नोंदवही

डॉक्टरीण म्हणाली, झोपेची वही ठेवा.
कधी आडवे झालात, किती वेळा उठलात, कॉफी किती.
आइलिफ हसला. वह्या लिहिण्यातच तर जन्म गेला.
एकतीस वर्षं मालवाहू बोटीच्या पोटात
दर तासाला लिहीत होता तो:
तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, मिनिटाचे फेरे.
डोळ्यांत तेल घालून जागणं हा तेव्हा
वाक्प्रचार नव्हता, पगार होता.

पाळी संपली की इंजिनाच्या डोक्यावरच्या फळीवर
अंग टाकायचा, आणि मेला की काय असा झोपायचा.
धडधड उशीतून कानात, कानातून दातांत.
झोपमोड व्हायची ती फक्त इंजिन थांबलं तर.
मग बूट उलटेसुलटे घालून तीन उड्यांत खाली.
शांतता म्हणजे काहीतरी तुटलंय.

आता वारांगरच्या फिओर्डकाठी पिवळं घर आहे.
पेन्शन आहे. जून आहे.
रात्री दीडला सूर्य शेजारच्या छपरावर
जावयासारखा बसून, उठायचं नाव नाही.
आइलिफनं खिडक्यांना चंदेरी पन्नी चिकटवली
आणि भाजायला ठेवलेल्या माशासारखा
आत पडून राहिला, एकदा या कुशीवर, एकदा त्या.

    ११:००. आडवा.
    १२:२०. सगळं ठीक. झोप नाही.
    १:०५. फ्रिज बंद पडला वाटून खाली गेलो. चालू आहे.
    २:३०. या घराला काय झालंय, कळत नाही.

डॉक्टरीणीनं वही वाचली. म्हणाली, आता
एकच्या आधी गादीला पाठ लावायची नाही,
सहाला उठायचंच, डोळा लागो न लागो.
दुपारची डुलकी बंद.
आणि वीस मिनिटांत झोप आली नाही
तर उठा, दुसरीकडे जाऊन बसा.

तो उठला. बसला. चौथ्या रात्री अंगणात.
समोर हिल्डगुन अडीच वाजता कुंपण रंगवत होती,
नातवंडं उड्या मारत होती. या गावात जूनमध्ये
झोपला का नाहीस, असं कुणी विचारत नाही.
डिसेंबरात विचारतात, उठलास का.
फिओर्डमधून एक मासेमारी होडी गेली.
तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी बिनसलंय, तो म्हणाला.
हिल्डगुन म्हणाली, ब्रश धर.

सोल्फ्रिड, त्याची बायको, माडीवर झोपते.
तो कायमचा घरी आला त्याच आठवड्यात
उशी काखेत मारून वर गेली:
मी घोरते रे. तुला शांतता हवी.
एवढ्या प्रेमानं दिलेल्या वस्तूला
नको कसं म्हणणार?

सहाव्या की सातव्या रात्री, वीस मिनिटं संपल्यावर
दुसरीकडे जायचं म्हणून तो जिना चढला,
नखांत कुंपणाचा हिरवा रंग.
दाराबाहेर थबकला.
आतून येत होतं: संथ, जड,
मध्ये एक ठोका चुकणारं,
लाटेच्या विरुद्ध रेटल्यासारखं, मग पुन्हा लयीत.
सवयीनं मोजलं. मिनिटाला चौदा.
पांघरुणाचं टोक उचललं.
पाय गार आहेत तुझे, सोल्फ्रिड झोपेतच म्हणाली,
आणि सरकली नाही.

    ३:४०. चालू.

पुढची नोंद सहाची.
'कारण' या रकान्यात त्यानं काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या रात्री पुन्हा टक्क जागा होता, तेही खरं.
तिसऱ्या रात्री कधीतरी ती कुशीवर वळली,
आवाज बंद झाला,
आणि तो ताडकन उठून पायांनी बूट चाचपू लागला.
काय रे?
थांबलीस.
मेले नाहीये. झोप.
तो बसूनच राहिला, कान लावून,
ती पुन्हा सुरू होईपर्यंत.